चंद्राकडे दाखविलेले बोट : पिळ्ळैत्तमिळ् आणि शैशवातील वाढीचे टप्पे

भारतीय भाषांतील वात्सल्यकाव्याचा विचार आजवर मुख्यतः भक्तीच्या अंगाने झाला आहे. काव्यातील मूल हे परमेश्वराचे रूप, आणि माता ही भक्ताची भूमिका, या चौकटीत ते काव्य इतके नीट बसते की एक साधा प्रश्न विचारायचाच राहून जातो : या कवींनी प्रत्यक्ष मुलाकडे किती पाहिले होते? तो विचारण्यासाठी तमिळमधील पिळ्ळैत्तमिळ् हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे. कारण मुलाची वाढ हा त्याचा केवळ विषय नाही, ते त्याचे रचनातत्त्व आहे.

‘पिळ्ळै’ म्हणजे मूल. पेरियाळ्वारांच्या तिरुमोळीत कृष्णाच्या बाललीला वयाच्या क्रमाने आल्या आहेत. पुढे बाराव्या शतकात ओट्टक्कूत्तर या राजकवीने दुसऱ्या कुलोत्तुंग चोळावर रचलेल्या काव्यात या प्रकाराला स्वतंत्र आकार आला. सतराव्या शतकातील कुमरगुरुपरर यांचे मदुरेच्या मीनाक्षीवरील पिळ्ळैत्तमिळ् सर्वाधिक ख्यातनाम आहे. पैगंबर महंमद आणि येशू यांच्यावरही अशी काव्ये झाली. राजा असो वा देवी, कवी तिला मूल कल्पितो आणि दहा ‘परुवम्’ म्हणजे अवस्थांतून नेतो. प्रत्येक अवस्थेला बहुधा दहा पद्ये असतात. महिन्यांच्या गणनेविषयी लक्षणग्रंथांत मतभेद आहेत; प्रचलित गणना तिसऱ्या महिन्यापासून एकविसाव्यापर्यंत एकाआड एक महिना अशी चालते.

पहिली अवस्था रक्षणाची : देवांनी बाळाला राखावे अशी प्रार्थना. पाचव्या महिन्यात ‘सेंगीरै’ : बाळ हात टेकून, एक गुडघा मोडून डोके उचलते आणि कोवळ्या रोपासारखे डोलते. सातव्यात अंगाई. नवव्यात ‘सप्पाणि’, म्हणजे टाळ्या. अकराव्यात मुका मागणे, तेराव्यात ‘ये, चालत ये’ असे बोलावणे, पंधराव्यात ‘अंबुलि’, म्हणजे चंद्राला खेळायला ये म्हणून केलेली विनवणी.

आता आधुनिक मोजमापांकडे वळू. अर्नोल्ड गेझेल यांनी 1925 मध्ये शालापूर्व वयाच्या मानसिक वाढीवरील ग्रंथात वयनिहाय टप्प्यांची सारणी मांडली. तेव्हापासून ‘या महिन्यात हे’ असे सांगण्याची पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून 2006 मध्ये जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांत मात्र एका टप्प्याला एक महिना दिलेला नाही, अवकाश दिला आहे. आधाराविना बसणे 3.8 ते 9.2 महिने, हातागुडघ्यांवर रांगणे 5.2 ते 13.5 महिने, एकट्याने चालणे 8.2 ते 17.6 महिने. शेकड्यास चारांहून थोडी अधिक मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालू लागली. तमिळ गणनेतील तेरावा महिना या अवकाशाच्या जवळजवळ मध्यावर पडतो. नवव्या महिन्यातील टाळ्या आणि पाचव्यातील उचललेले डोके हेही कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला ओळखीचे वाटेल.

यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ओट्टक्कूत्तराच्या नंतरच्या कवींसमोर पाळणा असण्यापेक्षा लक्षणग्रंथ असण्याचा संभव अधिक. परंतु लक्षणग्रंथाला हा क्रम कोठून तरी मिळाला असला पाहिजे, आणि तो ज्यांनी मुले वाढविली त्यांच्याच अनुभवातून आला असणार.

खरी गोष्ट महिन्यांच्या जुळणीत नाही. गेझेलच्या सारणीत मूल एकटे असते : ते बसते, उभे राहते, ठोकळा उचलते. पिळ्ळैत्तमिळमध्ये मात्र टाळी वाजव, मुका दे, ये, असे सारे विनवणीच्या रूपात येते. प्रत्येक टप्पा म्हणजे मोठ्याच्या हाकेला मुलाचा प्रतिसाद. बालमानसशास्त्र या जागी पुष्कळ उशिरा पोहोचले. स्केफ आणि ब्रूनर यांनी 1975 मध्ये दाखविले की मोठ्या माणसाची नजर जिकडे वळते तिकडे अर्भकही पहिल्या वर्षातच पाहू लागते. पुढे याला संयुक्त अवधान असे नाव मिळाले. आधी मूल बोटाकडेच पाहत राहते. मग बोटाच्या रेषेत जवळची वस्तू शोधते. वर्षाच्या सुमारास स्वतः बोट दाखवू लागते, आणि तेही नेहमी वस्तू हवी म्हणून नव्हे, तर ‘तूही बघ’ एवढ्यासाठी. शब्दांची पायाभरणी येथे होते. दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर असल्याखेरीज तिचे नाव मुलाला कळावे कसे?

या दृष्टीने अंबुलीचे स्थान पाहावे. चंद्र हातात येत नाही, चाटता येत नाही. त्याचा एकमेव उपयोग दोघांनी मिळून पाहणे हाच. चालणे साधल्यानंतर, पंधराव्या महिन्यात तो यावा हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कवी मात्र येथे चंद्राशीच बोलतो. साम, दान, भेद, दंड हे चारही उपाय योजून त्याला खाली बोलावतो. मूल ऐकत असते.

शेवटच्या तीन अवस्थांत मुलगा आणि मुलगी वेगळे होतात. मुलगा मुलींची वाळूची घरे मोडतो, छोटा डमरू वाजवितो, छोटा रथ ओढतो. मुलीच्या वाट्याला सागरगोट्यांसारखे झेलण्याचे खेळ, जलक्रीडा आणि झोका. आरोग्य संघटनेच्या अभ्यासात मुलगे व मुली यांच्या चालण्या-बसण्याच्या वयात लक्षात घ्यावा असा फरक आढळला नव्हता. म्हणजे येथे निरीक्षण संपते आणि समाज बोलू लागतो.

मराठी पाळण्याशी तुलना केली तर भेद स्पष्ट होतो. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी अशी दिवसांची गणना करीत पाळणा बारशापाशी येऊन थांबतो. सटवाई भाळी अक्षरे लिहिते ती रात्रही या बारा दिवसांतलीच. ही गणना मुलाच्या वाढीची नाही, त्याला समाजात घेण्याच्या विधींची आहे. पाळण्याच्या अखेरीस बाळाला नाव मिळते; तमिळ काव्यात ते पायांवर उभे राहते.

तथापि पिळ्ळैत्तमिळमधील मूल बोलत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. तो आवाज ऐकायचा तर ब्रज भाषेकडे वळावे लागते. सूरदासांच्या नावावरील पदांतला कृष्ण हट्ट करतो, दादाची चहाडी करतो, नाकबूल होतो. लोणीचोरीच्या विख्यात पदात तो तोंड पुसतो, द्रोण पाठीमागे लपवितो आणि आपले हात शिंक्याला पुरतील कसे, असा युक्तिवाद करतो. नुसते ‘मी नाही’ म्हणणे तीन वर्षांचे मूलही करते. पण आईने काय पाहिले यावर तिला काय वाटेल ते ठरते, हे उमगून पुरावा आवरणे ही पुढची पायरी आहे. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे मुलाला साधारणतः चौथ्या-पाचव्या वर्षी कळू लागते, असे विमर आणि पेर्नर यांच्या 1983 च्या प्रयोगांपासून मानले जाते. पदातील कृष्णाचे वय कवी सांगत नाही. त्याच्या लबाडीवरून ते काढता येते.

मराठीत मुलाचे बोलणे येते ते बहुधा बोबड्या बोलांच्या रूपाने. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथकर्ता स्वतःच्या वाणीला अपत्याच्या बोबड्या वाचेची उपमा देतो आणि मायबापांच्या संतोषाची आठवण करून देतो. लक्ष ऐकणाऱ्याकडे आहे. अशोक केळकर यांनी 1964 मध्ये मराठीतील बाळबोलीचे जे वर्णन केले आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांच्या तुलनेत ज्याचा उपयोग केला, त्यातून हेच वेगळ्या वाटेने पुढे आले. मंमं, भूभू, गाई, बाऊ हे शब्द मुलाने घडविलेले नाहीत. ते मोठ्यांच्या भाषेचाच एक रूढ भाग आहेत, मोठेच ते पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून शिकतात आणि मुलाच्या तोंडी घालतात. तमिळमध्येही ‘मम्मम्’ म्हणजे भातच. पण ‘पापा’ हा ध्वनी मराठीत मुका होतो, हिंदीत बाप होतो आणि तमिळमध्ये खुद्द बाळ.