फटफटीचें वय



सिन्नर गांवांत मला नांवानें ओळखणारे लोक थोडे. माझ्या फटफटीच्या आवाजानें ओळखणारे पुष्कळ. ही फटफटी म्हणजे १९७४ सालची बुलेट. ती मोहदरीचा घाट चढून नासिकच्या रस्त्यानें गांवांत शिरली कीं, मान वर न करतांच लोक समजतात कीं कोण आलें. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मी पेट्रोल घेण्यासाठीं थांबलों असतां एक तरुण जवळ आला. त्यानें टाकीवरून मोठ्या आदरानें हात फिरविला आणि म्हणाला, "काका, काय क्लासिक गाडी आहे!" मी मनांतून सुखावलों. पेट्रोल भरून झाल्यावर किक मारावयास गेलों, तों उजव्या गुडघ्यांतून अशी कळ गेली कीं, पाय तसाच खालीं टेकला. तोच तरुण पुढें होऊन म्हणाला, "काका, ह्या वयांत झेपते का तुम्हांला ही?" मग त्यानें स्वतः तीन-चार लाथा मारून पाहिल्या. पायांत जोर होता, पण गाडी चालू झाली नाहीं. ती पुढें कशी चालू झाली, तें ओघानें सांगणारच आहें.

त्या दोन वाक्यांमध्यें पांच मिनिटांचेंही अंतर नव्हतें. गाडी जुनी म्हणून तिचा गौरव झाला, आणि मी जुना म्हणून माझी कींव झाली. वास्तविक गाडीहून मी अवघ्या बावीस वर्षांनीं मोठा! घरीं येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यांत घोळत राहिला : नुसतें जुनें होणें आणि अभिजात होणें, यांत नेमकें अंतर कोणतें? त्याचाच आज आपणांसमोर थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

'क्लासिक' ह्या शब्दास आपण 'अभिजात' हा प्रतिशब्द योजतों. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां हा शब्द घरोघरीं पोंचला. त्या दर्जासाठीं भाषेचें केवळ वय पाहत नाहींत. पिढ्यान्‌पिढ्यांनीं ठेवा मानावा असें प्राचीन वाङ्मय तिच्यांत असावें लागतें. म्हणजे वय ही एक अट झाली, एकमेव अट नव्हे. वस्तूंचेंही तसेंच आहे. भंगाराच्या वखारींत पडलेल्या सगळ्याच वस्तु जुन्या असतात. दुर्मिळपणा हीही खरी कसोटी नव्हे. कारण मुळांत वाईट म्हणून कोणी घेतल्या नाहींत आणि त्यामुळेंच दुर्मिळ झाल्या, अशाही वस्तु जगांत कमी नाहींत.

सरकारनें यंत्रांच्या बाबतींत आपली एक व्याख्या करून ठेवली आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तीप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें लोटलेलें, आणि सांगाडा, बाह्यकवच व इंजिन यांत भरीव फेरफार न झालेलें खासगी दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' ठरतें. अशा वाहनाच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचें ५,००० रुपये. हा नियम वय मोजतो आणि अस्सलपणा पाहतो. परंतु एखादें यंत्र लोकांनीं इतकीं वर्षें कां सांभाळलें, हें त्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं त्या यंत्राच्या चरित्राकडेच वळलें पाहिजे.

बुलेटचें मूळ घर इंग्लंडांतील रेडिच हें गांव. रॉयल एन्फील्ड कंपनीनें हें नांव १९३२ सालापासून चालविलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करास दणकट मोटारसायकली हव्या होत्या, आणि त्या मागणीच्या आधारावर १९५५ सालीं तेव्हांच्या मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभीं इंग्लंडाहून आलेले सुटे भाग येथें नुसते जोडीत. पुढें सांचे व यंत्रसामग्री आणून भागही येथेंच घडवूं लागले. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडांतील उत्पादन सर्वस्वीं थांबलें. मद्रासेस मात्र तीच बुलेट निघत राहिली; इतकेंच नव्हे, तर १९७७ पासून ती ब्रिटनमध्यें निर्यात होऊं लागली. माहेरीं विझलेला दिवा सासरीं तेवत राहिला आणि एके दिवशीं माहेरासच उजेड देऊं लागला, असा हा प्रकार आहे.

दुसरें चरित्र जावाचें. ही कंपनी १९२९ सालीं प्राग येथें यानेचेक नांवाच्या उद्योजकानें काढली. त्याच्या आडनांवाचीं आणि 'वांडरर' ह्या जर्मन गाडीच्या नांवाचीं आद्याक्षरें मिळून 'जावा' हा शब्द बनला. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून ह्या गाड्या निघूं लागल्या आणि पुढें 'येझदी' ह्या नांवानें विकल्या गेल्या. १९९६ सालीं तो कारखाना बंद झाला. जावा हें नांव पुन्हां भारतीय बाजारांत आलें तें २०१८ मध्यें. मधल्या बावीस वर्षांत ह्या गाड्यांचा कोणी धनी उरला नव्हता. तरी त्या रस्त्यावर धांवतच होत्या, आणि दरवर्षीं जुलैच्या दुसऱ्या रविवारीं त्यांचे मालक गांवोगांवीं एकत्र जमत होते. हें कोणाच्या बळावर? कोनाड्यांतील डब्यांत जुने पॉइंट जपून ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या आणि भाग मिळेना तर लेथवर घडवून घेणाऱ्या मालकांच्या बळावर. कारखाना यंत्र निर्माण करतो, पण त्यास अभिजात करतात तीं त्यास सांभाळणारीं माणसें, असें मी म्हणतों तें ह्याचसाठीं.

परंतु सांभाळावयाचें म्हटलें तरी यंत्र सांभाळण्याजोगें असावें लागतें. माझ्या बुलेटचें इंजिन पाहा. त्यास नळकांडें एकच. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, आंतील पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, आकारमान सुमारें ३४६ घन सेंटिमीटर. धांव व्यासाहून लांब आणि जोडीला वजनदार चक्रें. त्यामुळें हें इंजिन सावकाश फिरतें, पण घाटांत सहसा दम सोडीत नाहीं. ह्या जातीच्या इंजिनांत दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ९०० फेरे घेत असेल तर स्फोट होतात ४५०, म्हणजे सेकंदास साडेसात. इतके ठोके मनुष्याचा कान वेगवेगळे ऐकूं शकतो. त्याहून फार जलद झाले कीं ते एकमेकांत मिसळतात आणि नुसती घरघर उरते. मराठीनें ह्या वाहनास 'फटफटी' हें नांव दिलें, तें ह्या सुट्या सुट्या ठोक्यांवरूनच.

आतां त्या दिवशींची गोष्ट पुरी करतों. बुलेटच्या पुढल्या दिव्याच्या टोपणावर एक चिमुकलें घड्याळ असतें. त्यास अँमीटर म्हणतात. किल्ली फिरविली कीं बॅटरींतून कॉइलकडे विजेचा प्रवाह सुरू होतो आणि घड्याळाची सुई डावीकडे कलते. मग किक एकदम न मारतां हळूहळू दाबीत जावें. नळकांड्यांतील वायु दाबला जाऊन पायास विरोध जाणवूं लागतो. पिस्टन शिखराजवळ येतांच पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि सुई मध्यावर येऊन उभी राहते. ही खूण. येथें डाव्या हाताखालची छोटी कळ दाबून आंतील दाब सोडावा, पिस्टन शिखरापलीकडे किंचित् सरकूं द्यावा, कळ सोडावी, किक वर येऊं द्यावी आणि मग एकच सबंध लाथ मारावी. असें केल्यानें पुढचा दाब येण्यापूर्वीं जड चक्रांस जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळी धांव मिळते, आणि तेवढ्या गतीवर तीं तो दाब सहज ओलांडतात. सुई न पाहतां लाथ मारणारा मनुष्य ऐन दाबावर लाथ मारतो. मग तो कितीही बलवान् असो, गाडी त्याचें ऐकत नाहीं, उलट कधीं कधीं त्याच्याच पायास झटका देते.

मीं त्या तरुणास एवढेंच सांगितलें कीं, जोर करूं नकोस, सुईकडे पाहा. पहिल्याच लाथेस गाडी चालू झाली. गुडघा त्याचा होता, सुई माझी होती. तो चकित होऊन माझ्याकडे पाहूं लागला. मघांची कींव त्याच्या नजरेंत राहिली नव्हती.

म्हणून माझा गुडघा बरा झाला असें मात्र नव्हे. गाडीचीही झीज होते. पिस्टन घांसून घांसून नळकांड्याची भिंत झिजते, तेव्हां मिस्त्री तें 'बोअर' करवून घेतो, म्हणजे किंचित् रुंद करून त्यांत मोठ्या मापाचा पिस्टन घालतो. असें कांहीं वेळां करतां येतें. पुढें भिंत पातळ झाली कीं आंत नवी स्लीव्ह ठोकावी लागते. माझ्या गाडीचें बोअर तीन वेळां झालें आहे. गुडघ्याचें तसें नाहीं. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, सांध्यांतील कूर्चेस रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें हाड मोडलें तर जुळतें, पण कूर्चेची झीज सहसा भरून येत नाहीं. "फारच झालें तर सांधा बदलतां येतो," ते म्हणाले. मीं विचारलें, "म्हणजे स्लीव्ह बसवितां येते?" ते हंसले. मला हंसूं आलें नाहीं. आपलें शरीर आपणांस न विचारतां वृद्ध झालें आहे, हें मनुष्यास असें एखाद्या मंगळवारीं दुपारीं परक्या खुर्चीवर बसून कळतें.

घरीं चिरंजीवांनीं तोडगा काढला : "बाबा, आपण व्हिंटेजची नोंदणी करून घेऊं. गाडी झांकून ठेवूं आणि वर्षांतून एकदां प्रदर्शनास नेऊं." त्याच्या बोलण्यांत प्रेमच होतें. परंतु मघां ज्या नियमाकडे पुन्हां येईन म्हणून मनांत ठेविलें होतें, त्याचा दुसरा भाग असा आहे कीं, 'व्हीए' अक्षरें लागलेलें वाहन नेहमीच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची फेरी आणि इंधन व दुरुस्ती, एवढ्यापुरतीच त्यास मोकळीक. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगलाच आहे. तरीही तो वाचतांना मला माझ्याच सत्काराची आठवण झाली. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेनें ज्येष्ठ म्हणून मला शाल व श्रीफळ दिलें, आणि पुढल्याच महिन्यांत माझ्याकडील हिशेब तपासण्याचें काम दुसऱ्याकडे सोंपविलें. शाल उबदार होती, हें खरें.

आमच्या गांवचें गोंदेश्वराचें देऊळ यादवांच्या काळांतील. तें संरक्षित स्मारक आहे; दुरून दुरून लोक त्याचें शिल्प पाहावयास येतात. पण महाशिवरात्रीस तेथें जी गर्दी लोटते, ती शिल्प पाहावयास नव्हे, बेल वाहावयास. शतकानुशतकांच्या दगडास अजून आपलें मूळ काम आहे. जपणूक आणि वापर हीं दोन्ही एकत्र नांदूं शकतात, हें मला त्या देवळानें शिकविलें.

मीं 'व्हीए' घेतलें नाहीं. साधी नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्यासाठीं गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करून ती धड आहे हें दाखवावें लागतें. सत्कारापेक्षां ही परीक्षा मला बरी वाटते.

राहिला गुडघा. त्याची तोड माझ्या नातीनें काढली. ती महाविद्यालयांत शिकते, तिच्याजवळ परवाना आहे आणि पायांत बळ आहे. आठ दिवस मीं तिला किक मारूं दिली नाहीं. नुसती सुई मध्यावर आणावयास लावली. चिडली, पण शिकली. नवव्या दिवशीं पहिल्या लाथेस इंजिन बोलूं लागलें तेव्हां ती आनंदानें ओरडली. माझ्या मात्र घशांत कांहीं तरी अडकल्यासारखें झालें, कारण चाळीस वर्षें जें माझ्या एकट्याच्या पायास ठाऊक होतें, तें आतां दुसऱ्याच्या पायास ठाऊक झालें होतें. मी उद्यां विसरलों तरी तें विसरलें जाणार नाहीं.

ती म्हणाली, "आजोबा, मागें बसा." आम्हीं दोघांनीं शिरस्त्राणें चढविलीं आणि नासिकला जाऊन आलों. आयुष्यांत पहिल्यानेंच मी माझ्या गाडीवर मागें बसलों होतों. परततांना मोहदरीच्या घाटांत तिनें वेळेवर गिअर उतरविला. मला बोलावें लागलें नाहीं. गांवांत शिरतांना रस्त्यालगतच्या चहावाल्यानें भांडीं विसळतां विसळतां, मान वर न करतांच, आंत हांक दिली :

"काका आले रे, एक चहा ठेव!"

गाडी नात चालवीत होती. आम्ही थांबलों आणि दोन चहा घेतले.