प्रोसेसरला थांबायला शिकवताना

मायक्रोकंट्रोलरचा पहिला धडा सगळीकडे सारखाच: दिवा लाव, अर्धा सेकंद थांब, विझव, पुन्हा थांब. आर्डुइनो उनो बोर्डावर हे चार ओळींत जमतं आणि आपण इंजिनिअर झाल्यासारखं वाटतं. मग वेगळ्या लयीत लुकलुकणारा दुसरा दिवा जोडायचा, सोबत एक बटण, आणि सगळं फिसकटतं. कारण 'थांब' म्हटल्यावर प्रोसेसर नुसता बसून सेकंद मोजतो. तेवढ्यात बटण दाबलं तर त्याला पत्ताच नाही.

इथे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे आरटीओएस, कामाला येते. नावावरून विंडोजसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. ती वेगळी बसवावी लागत नाही; तुमच्याच प्रोग्रॅममध्ये मिसळून चिपमध्ये जाते. रिचर्ड बॅरी यांनी २००३च्या सुमारास सुरू केलेली फ्रीआरटीओएस नवशिक्याला सगळ्यात सोयीची. लिनक्स फाउंडेशनची झेफर अधिक ऐसपैस आहे, पण तिची मांडामांड समजेपर्यंत रविवार संपतो.

मूळ उनोची रॅम जेमतेम २ केबी, त्यामुळे हात बसवायला ईएसपी३२ हा बोर्ड बरा. त्याच्याकडे ५२० केबी आहे. शिवाय त्यावर आर्डुइनोचा साधा प्रोग्रॅम लिहिलात, तरी तुमचं 'लूप', म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, फ्रीआरटीओएसचं एक टास्क (स्वतंत्र काम) म्हणूनच चालत असतं. बरेच जण वर्षभर ही सिस्टम वापरतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

तेव्हा प्रत्येक दिव्याला स्वतःचं टास्क द्या. आता एक टास्क थांबलं, की शेड्युलर, म्हणजे पाळ्या लावणारा भाग, दुसऱ्याला पुढे करतो. ज्याच्या प्राधान्याचा आकडा मोठा, त्याचा मान आधी. दूध उतू जायला लागलं, की हातातली भाजी बाजूला ठेवावीच लागते, तसं. इथे वेगापेक्षा वेळेवर उत्तर मिळण्याला किंमत आहे.

प्रत्येक टास्कला स्वतःचा स्टॅक, म्हणजे राखून ठेवलेली मेमरी, लागते, आणि मी आपटलो तो इथेच. दुसऱ्या एका बोर्डाचं उदाहरण पाहून ५१२ हा आकडा जसाच्या तसा उतरवला. तिथे तो 'शब्दां'त होता, एक शब्द चार बाइटचा, म्हणजे २०४८ बाइट. ईएसपी३२वर तोच आकडा बाइटमध्ये मोजतात. बोर्ड रात्रभर रीसेट होत राहिला आणि मी वायरी बदलत राहिलो.

दिवे जमले, की दोन टास्कना एकाच सिरियल लाइनवर लिहायला लावा. अक्षरांची खिचडी होईल. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला अडवणाऱ्या कुलपाला म्युटेक्स म्हणतात. १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर अशाच कुलपापायी पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाच्या दुय्यम टास्कने कुलूप धरलं होतं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सगळ्यात महत्त्वाचं टास्क ताटकळत होतं. अभियंत्यांनी पृथ्वीवरून एक बंद ठेवलेली सोय चालू केली: कुलूप धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं उसनं मिळू लागलं. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये ती सोय मुळातच आहे, बायनरी सेमाफोर नावाच्या त्याच्या भावंडात नाही. वापरताना दोन्ही अगदी सारखे दिसतात.