सोन्याची परिभाषा : दाभोळच्या किनाऱ्यावरून एक अर्थविचार

वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते त्या मुखाशी, उत्तर तीरावर, दाभोळ हे गाव वसले आहे. बहमनी व पुढे आदिलशाही अमदानीत कोकणातील प्रमुख बंदरांत त्याची गणना होत असे. १५०८ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मैदा याने त्याचा विध्वंस केला, हीदेखील त्याच्या महत्त्वाची एक साक्षच होय. महाराष्ट्रात सोन्याच्या खाणी नाहीत असे म्हणण्यास हरकत नाही. त्यामुळे येथील अंगावरचे सोने बव्हंशी समुद्रमार्गे आलेले आहे, आणि या आगमनाची खूण इतिहासग्रंथांप्रमाणेच भाषेनेही जपली आहे.

‘पुतळ्यांची माळ’ हा दागिना याचे उत्तम उदाहरण होय. ‘पुतळी’ म्हणजे मूर्ती. वेनिस येथे १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळजवळ एकाच नमुन्याचे सोन्याचे नाणे पाडले जात असे. त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम असून सोने अत्यंत शुद्ध असे. एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला वेनिसचा अधिपती, तर दुसऱ्या बाजूस ख्रिस्त, अशा आकृती त्यावर होत्या. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत हे नाणे आले, तेव्हा मराठी माणसाने त्यावरील लेख वाचला नाही. त्याने आकृती पाहिली आणि नाण्यास ‘पुतळी’ म्हटले. पुढे नाणे चलनातून गेले, परंतु नाव दागिन्यास चिकटून राहिले. आज ठशात दाबलेल्या पातळ चकत्यांवर लक्ष्मी असते; वेनिसचा संत कोणाच्या स्मरणातही नाही.

नाण्याचा दागिना होणे व दागिन्याचे पुन्हा नाणे होणे, हा सोन्याच्या अर्थाचा गाभा होय. मराठीत दागिना विकून पैसा उभा करण्यास ‘मोडणे’ म्हणतात : पाटल्या मोडून मुलाचे शिक्षण केले, गोठ मोडून घर शाकारले. हेच क्रियापद नोटेसही लागते. मोठी नोटही ‘मोडली’ जाते. अर्थात दागिना हा अंगावर बाळगलेला साठा असून तो मोडण्याजोगा असणे हाच त्याचा गुण मानला गेला आहे. मात्र या नियमास एक लक्षणीय अपवाद आहे. मंगळसूत्र तुटले तर ते ‘वाढले’ असे म्हणतात. बांगडीही ‘वाढते’, नारळही ‘वाढवितात’. अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी विरुद्धार्थी शब्द योजण्याचा हा प्रकार अभ्यासकांस परिचित आहे. ‘लग्न मोडणे’ हा प्रयोग लक्षात घेतला म्हणजे मंगळसूत्रासंबंधी ‘मोडणे’ का वर्ज्य ठरले असावे, याचा अंदाज करता येतो. सोने तेच, सोनारही तोच. परंतु एक अलंकार संपत्तीच्या वर्गात पडतो व दुसरा नात्याच्या. ही सीमारेषा धातूत नसून क्रियापदात आहे.

शुद्धतेची परिभाषा याहून जुनी आहे. काळ्या दगडावर सोने घासले असता उमटणारी रेघ म्हणजे ‘कस’. ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ शेजारी ओढून व आम्ल लावून सोनार दोहोंची तुलना करी. ‘कसोटी’ हा शब्द संस्कृत ‘कषपट्टिका’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ हा दगडच होय. ‘कसदार’ लेखन, जमिनीचा ‘कस’, क्रिकेटचा ‘कसोटी’ सामना, ‘बावनकशी’ माणूस हे सर्व प्रयोग सोनाराच्या दुकानातून बाहेर पडले आहेत. परंतु कसाचा निर्णय देणारा सोनार ग्राहकाच्या ओळखीचा असे, त्याच्या शब्दावर व्यवहार चाले. कस हा धातूचा गुण असला तरी त्याची ग्वाही व्यक्तीची होती.

ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले व नव्या दागिन्यांस चौदा कॅरटची मर्यादा पडली. असंख्य सोनारांचा धंदा बसला. पुढे १९६८ चा कायदा आला व तो १९९० मध्ये रद्द झाला. २००० साली भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना सुरू झाली आणि जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने जिल्हावार सक्तीची करण्यात आली. आता बावीस कॅरटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा अंक, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, व सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख कोरलेली असते. घडणही बदलली : संगणकावर आराखडा, मेणाचा साचा, ओतकाम. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगाली कारागिरांनी घडविलेला तयार माल गावोगावच्या पेढ्यांवर जातो. परिणामी मूस, फुंकणी व ऐरण हाताळणारा सोनार पुष्कळ ठिकाणी विक्रेता किंवा दुरुस्ती करणारा उरला आहे. ग्वाही व्यक्तीकडून अंकाकडे गेली. फसवणुकीस त्यामुळे आळा बसतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि शब्द मागे राहतात व कधी घोटाळाही करतात. जुन्या मापात आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. तोळ्याचे वजन ११.६६ ग्रॅम. दशमान पद्धतीनंतर बाजारात ‘तोळा’ म्हणजे दहा ग्रॅम असा संकेत रूढ झाला. शब्द तोच राहिला, अर्थ आक्रसला. आजीच्या जुन्या यादीतील ‘पाच तोळे’ म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. नातीच्या हिशेबात ते पन्नासच. वाटणीच्या वेळी हा आठ ग्रॅमांचा फरक कोणाच्याही लबाडीवाचून निर्माण होतो, आणि संशय मात्र माणसांवर येतो. उलटपक्षी ‘एक ग्रॅमचे दागिने’ या प्रयोगात वजनाचा अर्थ पुसट होऊन ‘मुलामा दिलेले’ असा प्रकारवाचक अर्थ आला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांतील पुरुष नोकरीसाठी आखाती देशांत गेले आणि सोने पुन्हा अरबी समुद्रावरून येऊ लागले. ‘दुबईचे सोने’ हा शब्दप्रयोग ‘पुतळी’च्याच परंपरेतील होय : मूळ ठिकाण अथवा आकृती हीच शुद्धतेची ग्वाही मानण्याची ती रीत. म्हणून सोन्याच्या परिभाषेचा कोश करावयाचा झाल्यास केवळ दागिन्यांची नावे टिपून भागणार नाही. प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या मापाचा, कोणाच्या ग्वाहीचा व कोणत्या क्रियापदाचा, हेही नोंदविले पाहिजे. जुनी मूस हाताळलेले कारागीर हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.