शिबपूरच्या उद्यानातील अशोक

गत फाल्गुनात कोलकात्यास जाण्याचा योग आला, तेव्हा हुगळीच्या पश्चिम तीरावरील शिबपूरचे वनस्पती उद्यान पाहण्यासाठी आम्ही एक दिवस राखून ठेवला. कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने १७८७ साली स्थापन झालेले व २००९ पासून आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव धारण करणारे हे उद्यान सुमारे २७० एकरांचे आहे. बहुतेक प्रेक्षक थेट महावटाकडे वळतात. बुरशीने पोखरलेले त्याचे मूळ खोड १९२५ मध्ये काढावे लागले. आज तो केवळ पारंब्यांच्या आधारावर उभा आहे. आम्हीही तेथे गेलो, परंतु आमचे खरे काम अशोकाशी होते.

निघण्यापूर्वी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या अशोकत्वचेच्या पोत्याविषयी आमच्यात मतभेद झाला होता. सीतेचा अशोक आणि रस्त्याकडेला लावतात तो उंच खोटा अशोक, यांच्या सालींची सरमिसळ बाजारात जुनीच आहे. वाळलेल्या तुकड्यांवरून नजरेने निवाडा करणे कठीण.

वृक्षापुढे उभे राहिल्यावर मात्र भ्रम उरत नाही. पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व खाली लोंबणारी. फुलांचे गुच्छ जून फांद्यांवरही फुटलेले, प्रथम पिवळे-नारिंगी, मग लाल. त्यांना पाकळ्या नसतात. रंग असतो तो पुष्पकोशाचा. ताम्रपल्लव, हेमपुष्प, पिंडपुष्प हे निघंटूंतील पर्याय म्हणजे ओळखीची लक्षणेच होत. खोट्या अशोकाची पालवीही तांबूस असते हे खरे, पण त्याचे पान साधे, कडा लहरीदार आणि फुले हिरवट. त्याला हेमपुष्प कोण म्हणेल?

१७९३ पासून या उद्यानाचे अधीक्षक असलेले विल्यम रॉक्सबर्ग मूळचे शल्यचिकित्सक. संस्कृतज्ञ न्यायाधीश विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ त्यांनी या वृक्षास 'जोनेशिया असोका' असे नाव दिले. पुढे प्रजातीचे नाव पालटले, 'असोका' टिकले. आयुर्वेदिक फार्माकोपियाने 'अशोक' म्हणून 'सराका असोका' याच वृक्षाची खोडसाल ग्राह्य धरली आहे. हा वृक्ष आता आययूसीएनच्या सूचीत 'असुरक्षित' गणला जातो. खोडाची साल सभोवार सोलली की झाड वाळते, आणि खरी साल जितकी दुर्मीळ तितकी भेसळ सोयीची, हे औषधनिर्मात्यांस वेगळे सांगावयास नको.

परतल्यावर पोत्यातील नमुना आम्ही सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षणासाठी पाठविला. अहवाल हाती येईपर्यंत अशोकारिष्टाचे संधान थांबविले आहे; व्यापाऱ्याचे देयकही.