आधी उतार, मग फरशी

अहिल्यानगरच्या माळीवाड्यात, संगमनेर-पाथर्डीच्या जुन्या पेठांत, जामखेडकडच्या गावांत माळवदी घरं आणि वाडे अजून नांदते आहेत. न्हाणी मागच्या चौकाला लागून आणि संडास त्याहून लांब परसात, अशी त्यांची जुनी रचना. आता घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री अंगण ओलांडवत नाही, म्हणून आतल्या एखाद्या खोलीत संडास-बाथरूम काढायचं ठरतं. ठरतं ते योग्यच. पण चर्चा होते टाइल्सची आणि कमोडची. पाणी जाणार कुठं, हा प्रश्न गवंडी फरशी उकरायला बसल्यावर निघतो.

नळाचं पाणी दाबानं हवं तिथं चढवता येतं, सांडपाणी मात्र फक्त उतार ओळखतं. निजामशाहीत अहिल्यानगर शहराला कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आलं, तेही निव्वळ उताराच्या हिशेबावर. आपल्या चार इंची पाइपला दर दहा फुटांमागे दोन ते तीन इंच उतार लागतो. मागच्या खोलीपासून गल्लीतलं चेंबर चाळीस फूट असेल, तर आठ इंच ते एक फूट झाला. वाड्याचं जोतं उंच, म्हणून हे सहज जमेल असं वाटतं. पण गल्लीचा रस्ता थरावर थर देत इतका वर आलेला असतो, की कित्येक वाड्यांचे चौक आता रस्त्याच्या खाली गेले आहेत. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीची फरशी आणि चेंबरचा तळ यांची लेव्हल आधी घ्या. पावसाळ्यात मुख्य गटार तुंबलं, की खोलातल्या घरात पाणी उलटं येतं.

उतार मिळत नसेल, तर दोन वाटा. बाथरूमची फरशी एक-दोन पायऱ्या उचलून घ्यायची. पण ज्यांच्या गुडघ्यांसाठी हा खटाटोप, त्यांना त्या पायऱ्या जड. त्यापेक्षा बाथरूमची जागा बाहेरच्या भिंतीकडे सरकवावी. वळणं कमी, पाइप आखूड, घरही कमी फुटतं. जिथं वळण टाळताच येत नाही, तिथं काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड लावावेत आणि साफसफाईचं झाकण हाताशी ठेवावं.

जुन्या घराचा खरा शत्रू गळती. पांढऱ्या मातीत रचलेल्या भिंतीत पाइप कधीही गाडू नका. सांध्यातून थेंब थेंब झिरपलं तरी माती मऊ होते, लोणा धरतो, आणि बाहेरून गिलावा फुगलेला दिसेपर्यंत आतली दगडी थरांची पकड सुटलेली असते. पाइप भिंतीबाहेरून, उघडा न्यावा. जोत्यातून काढताना हातोडा-छिन्नीनं दगड हादरवू नयेत, कोअर कटिंगनं गोल भोक पाडावं. त्यात आधी मोठ्या व्यासाचा पाइप बसवून मग आतून आपला न्यावा, म्हणजे भिंत थोडी बसली तरी पाइप चिरडत नाही.

वास अडवतं ते ट्रॅपमध्ये साचून राहिलेलं दोन इंच पाणी. अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 साली या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं; आज घराघरांतल्या नहाणी ट्रॅपमागे तेच तत्त्व आहे. पण हवेला वाट नसेल, तर वेगानं जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं आणि खोली घाण वास मारते. पुण्याच्या पेशवेकालीन कात्रज नळावर उच्छ्वास बांधले, ते हवेसाठीच. आपल्याला माळवदाच्या वर काढलेला व्हेंट पाइप पुरतो. हजार-पाचशे वाचवायला तो गाळू नका.

गल्लीत भुयारी गटार नसेल, तर संडासाचं पाणी उघड्या गटारात सोडणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. परसात दोन शोषखड्डे घ्या. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. नेवासा-श्रीरामपूरकडच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथं खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा. विहीर किंवा बोअर किमान 50 फूट लांब हवी.

आणि एक काम हटकून करा. फरशी बसवण्याआधी पाइपचं खालचं तोंड बंद करून त्यात पाणी भरा, रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल, तर गवंड्याला थांबवा आणि सांधा शोधा.