पदवीधरांना दहा जागा, संशोधकांना किती?

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, दहा फेलो निवडून देण्याचा हक्क नोंदणीकृत पदवीधरांना मिळाला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला विद्यापीठे सरकारी मुठीत हवी होती, तरी एवढी वाट त्याने मोकळी ठेवली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी दहाच आहेत. त्यांतल्या पाच जागा आता मागासवर्गीय आणि महिलांसाठी राखीव आहेत, ही मोलाची भर. पण पदवीनंतरही विद्यापीठातच राहून पीएच.डी. करणाऱ्यासाठी तिथे स्वतंत्र जागा नाही. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांच्यावरच सगळ्या विद्यार्थ्यांची भिस्त, आणि त्या परिषदेच्या खुल्या निवडणुका कायद्यात परत आल्या तरी प्रत्यक्षात लांबतच गेल्या.

याची झळ बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला जास्त बसते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. आज त्याच्या कक्षेत पाच जिल्हे आहेत आणि बुलढाणा त्यांतला पश्चिमेचा शेवटचा. लोणारच्या खाऱ्या सरोवराचे पाणी, शेगाव-संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा, सिंदखेडराजाच्या वास्तू हे अभ्यासाचे विषय इथे आहेत. विषयाला मान्यता, मार्गदर्शक बदलणे, मुदतवाढ, शुल्क यांचे निर्णय मात्र सुमारे दोनशे किलोमीटरवर अमरावतीला होतात. पदवीधरांच्या जागा प्रवर्गांनुसार वाटलेल्या आहेत, जिल्ह्यांनुसार नाहीत. संशोधक हाही पदवीधरच, त्याने तिथे मत द्यावे, असे कोणी म्हणेल. पण नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत नाव आपोआप चढत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. शिवाय पदवी घेऊन वीस वर्षे झालेला वकील आणि प्रबंध अडकलेला विद्यार्थी यांचे प्रश्न एक नव्हेत.

विद्यार्थी आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्या हाती धोरण कसे द्यायचे, हा आक्षेप जुना आहे. पदवीच्या तीन वर्षांबाबत त्यात थोडे तथ्य असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत मात्र पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत, पुढे मुदतवाढही मिळू शकते. अधिसभेची मुदत पाच वर्षांची. वयाची अटही आड येते. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये संशोधक उमेदवारासाठी २८ वर्षांची वयोमर्यादा सुचवली. नोकरी सांभाळून पस्तिशीत नाव नोंदवणाऱ्या खामगाव-मेहकरच्या शिक्षिकेला त्या मर्यादेत जागाच नाही. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा: संशोधक स्वतःच्याच सोयीचे निर्णय मागतील. तो मानला तर प्राचार्यांचे दहा, शिक्षकांचे दहा आणि संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी कोणत्या न्यायाने बसतात? मार्गदर्शकाच्या धाकात असलेला विद्यार्थी मोकळेपणाने बोलणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणूनच गुप्त मतदान हवे आणि निवडून आलेल्याला मार्गदर्शक बदलून घेण्याची मुभा हवी.

ही कल्पना नवी नाही. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्येच विद्वत परिषदेत विद्यार्थ्यांना स्थान देण्याची शिफारस केली होती. अधिसभेत संशोधकांच्या दोन जागा, त्यांतली एक मुख्यालयाच्या जिल्ह्याबाहेरची, वयाची अट नाही, आणि मतदान केंद्र जिल्ह्यातच: एवढी दुरुस्ती विधिमंडळाने करावी.