उधईला न पचणारा खांब

अहेरीच्या मुख्य चौकात उभं राहिलं तर काय दिसतं? मोबाईलची दुकानं, चहाच्या टपऱ्या, एसटीतून उतरलेली पिशव्यावाली माणसं. आणि कानावर काय पडतं? मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया, सगळं एकाच वेळी! गावाच्या कडेनं प्राणहिता वाहते, ती ओलांडली की तेलंगणा. त्यामुळे भाजीवाल्या मावशींनी तेलुगूत भाव सांगितला तर इथे कुणी वळूनही बघत नाही.

पण आज आपलं काम चौकात नाही. जरा आत, जुन्या वस्तीकडे चला. अहेरी म्हणजे एकेकाळची चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी. आत्राम राजांचा राजवाडा इथलाच, आणि दसऱ्याला पालखी निघते तीही इथलीच. अशा जुन्या गावात एखादं तरी कवेलूचं घर सापडतंच. सापडलं? मग घरातल्या आजोबांना विचारा आणि ओसरीवरच्या लाकडी खांबाला हात लावा. गुळगुळीत, तपकिरी, जरासा तेलकट. आजोबांना त्याचं वय विचारलंत तर ते हसून म्हणतील, "मी लहान होतो तेव्हाही हा असाच होता."

आता खरी गंमत बघा. आपल्या भागात उधई, म्हणजे वाळवी, कशाला सोडते? कुंपणाचा बांबू खाते, खाटेचा पाय खाते, फळीवरची पुस्तकं खाते (गणिताचं पुस्तक मात्र कधीच आधी खात नाही, असा माझा संशय आहे). मग हा खांब तिनं इतकी वर्षं का सोडला?

लाकूड मुख्यतः सेल्युलोजचं बनलेलं असतं. ते तुम्हाआम्हाला पचत नाही. एकट्या उधईलाही नीट पचत नाही. तिला मदतनीस लागतात. काही जातींच्या पोटात सूक्ष्म जीव असतात, ते लाकडाचे तुकडे फोडून देतात. आपल्या जंगलात मोठी वारुळं बांधणारी उधई तर चक्क शेती करते! चावलेलं लाकूड आणि पाला ती वारुळाच्या आत रचून ठेवते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, मग उधई ते खाते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळातून वर येतात. ओळखलंत ना? सात्या! बाजारात आल्या की महाग असल्या तरी हातोहात संपतात, त्याच.

आता खांबाकडे. तो सागाचा. सागाचा कापलेला ओंडका बघितलात तर बाहेरच्या बाजूला फिकट पांढुरका पट्टा दिसेल आणि आत सोनेरी तपकिरी गाभा. झाड जिवंत असताना बाहेरच्या पट्ट्यातून पाणी वर चढतं. गाभ्यातून पाणी वाहत नाही, तिथल्या पेशी मेलेल्या असतात. पण मरताना त्या रिकाम्या राहत नाहीत. झाड त्यांच्यात तऱ्हेतऱ्हेची रसायनं भरून ठेवतं. त्यातलं एक टेक्टोक्विनोन. उधईला ते नकोसं असतं. शिवाय गाभ्यात तेलकट, रबरासारखे पदार्थ असतात, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि लाकूड लवकर कुजत नाही. म्हणून तर सागाची जहाजं बांधत. मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर उभं आहे.

पानांची गोष्ट मात्र वेगळी. पावसाळ्यानंतर सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात ना? एका लहानशा अळीचं ते काम. शिरा तेवढ्या ठेवते, बाकी सगळं फस्त! आणि कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो. वर्गात कुणाला तरी "रक्त आलं!" म्हणून घाबरवायला हे फार उपयोगी पडतं.

खांबाच्या पायाशीही बघायला विसरू नका. तो थेट जमिनीत पुरलेला नसतो; खाली दगड असतो. त्याला तळखडा म्हणतात. जमिनीतली ओल दगडामुळे वर चढत नाही. आणि उधईला उघड्यावर चालणं आवडत नाही. खांबापर्यंत पोचायचं तर तिला दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं. ती नळी लगेच दिसते, आजी सकाळी झाडताना केरसुणीनं पाडून टाकते. झालं, पुन्हा पहिल्यापासून!

हे सागवान यायचं आसपासच्याच जंगलातून. इथून सात-आठ किलोमीटरवर आलापल्ली आहे. तिथल्या जंगलाचा एक तुकडा 1953 पासून कुऱ्हाड न लावता राखलाय, त्याला 'वनवैभव' म्हणतात. बाहेरगावी लाकूड न्यायला पूर्वी धड रस्ते नव्हते, म्हणून नदीच कामाला लावत. लाकडाचे तराफे गोदावरीतून खाली राजमहेंद्रीकडे जात. यात एक अडचण असते: नुकता तोडलेला साग पाण्यानं इतका जड असतो की तो बुडतो. ब्रह्मदेशातले लोक त्यावर एक युक्ती करत. झाडाच्या बुंध्याभोवती गोल खाच पाडून ठेवत. झाड उभ्या उभ्या दोनेक वर्षं वाळलं की मग तोडत, आणि ते मजेत तरंगत जाई.

इंग्रजांना तर या नद्यांमधून आगबोटी चालवायच्या होत्या, वऱ्हाडातला कापूस समुद्रापर्यंत न्यायला! पण वाटेत तीन ठिकाणी नदीत खडकच खडक. त्यातलं तिसरं ठिकाण आपल्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. बरीच वर्षं खोदकाम झालं, पैसा गेला. तोवर नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि 1871 मध्ये सरकारनं तो नाद सोडला. नाहीतर प्राणहितेवर आज भोंगा ऐकू आला असता.

उधईला न पचणारं लाकूड काही फक्त आपल्याकडेच नाही. साता समुद्रापलीकडे, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर सान हेरमान नावाचं एक छोटं, जुनं गाव आहे. तिथल्या एका चौकात सतराव्या शतकातलं एक लहानसं चर्च आहे आणि त्यात औसुबो नावाच्या झाडाचं लाकूड आहे. तेही कुजत नाही, उधईही सहसा त्याच्या वाट्याला जात नाही, आणि ते इतकं जड की पाण्यात बुडतं. हे झाड कुणाचं नातेवाईक, माहीत आहे? आपल्या चिकूचं! दोघं एकाच कुळातले सख्खे चुलत भाऊ. आणि तिकडच्याच त्रिनिदाद बेटावर 1913 मध्ये ब्रह्मदेशातून सागाचं बी नेऊन पेरलं. आज तिथे सागाची जंगलं उभी आहेत.

आता घरी जाऊन एक तपासणी करा. "अस्सल सागवान" म्हणून आणलेल्या एखाद्या पाटाला किंवा खाटेला उधई लागली असेल, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. आधी खाल्लेली जागा नीट बघा आणि बोटानं टकटक करा. पोकळ आवाज बहुतेक फिकट पट्ट्यातूनच येईल. तपकिरी भागावर टकटक केलीत तर आवाज भरीव येईल. लाकूड सागाचंच असतं, फक्त सुतारानं कडेचा कच्चा भाग तासून टाकायचा कंटाळा केलेला असतो.